किटोसिसच्या गाईला ग्लिसरीन: चरबीच्या आजारावर चरबीचाच तुकडा कसा चालतो?

उदगीर तालुक्यातल्या एका गावातून, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न असा आहे. घरची संकरित गाय विऊन तीन आठवडे झाले होते. तिने पेंड सोडली, कडबा मात्र चघळत राहिली, आणि चार दिवसांत दूध निम्म्यावर आले. डॉक्टरांनी किटोसिसचे, म्हणजे रक्तात किटोन नावाचे पदार्थ साचण्याच्या आजाराचे, निदान केले, शिरेतून ग्लुकोज दिले आणि पुढचे काही दिवस ग्लिसरीन पाजायला सांगितले. तिच्या पुस्तकात लिहिले आहे की चरबी म्हणजे ग्लिसरॉल आणि त्याला जोडलेली तीन मेदाम्ले, आणि किटोसिस होतो तो अंगावरची चरबी भराभर वितळल्यामुळे. मग चरबी वितळून झालेल्या आजारावर चरबीतूनच निघणारा पदार्थ पाजायचा, हे आगीत तेल ओतण्यासारखे नाही का, असे तिला वाटते. शिवाय बाजारात सुटे मिळणारे स्वस्त ग्लिसरीन चालेल का, हेही तिने विचारले आहे.

शंका रास्त आहे, आणि मराठवाड्यात तीस वर्षे जनावरे तपासताना ती माझ्यासमोर पुस्तकी भाषेत नसली तरी गोठ्यातल्या भाषेत अनेकदा आली आहे: "डॉक्टर, हे तेल पाजून गाय आणखी नासेल ना?" दोन्ही शंकांचे मूळ एकच आहे. ग्लिसरीन हाताला तेलकट लागते आणि तेलातून निघते, म्हणून आपण त्याला तेलाच्या घरातले समजतो. प्रत्यक्षात ते तेलाच्या घरात नांदते, पण त्याचे गोत्र साखरेचे आहे. ही एक गोष्ट लक्षात आली की त्याचे बाकीचे वागणे उलगडत जाते. (शुद्ध रेणूला रसायनशास्त्रात ग्लिसरॉल म्हणतात आणि दुकानातल्या बाटलीवर ग्लिसरीन लिहिलेले असते, मी दोन्ही नावे त्या त्या संदर्भाने वापरतो.)

ग्लिसरॉलच्या रेणूत तीन कार्बन, आठ हायड्रोजन आणि तीन ऑक्सिजन असतात, आणि प्रत्येक कार्बनवर एक हायड्रॉक्सिल गट बसलेला असतो. ग्लुकोजमध्ये सहा कार्बन, बारा हायड्रोजन आणि सहा ऑक्सिजन असतात. ग्लुकोजचा रेणू मधोमध तोडून प्रत्येक तुकड्याला दोन हायड्रोजन जोडले, तर हिशेब बरोबर ग्लिसरॉलवर येऊन थांबतो. हा केवळ कागदावरचा खेळ नाही, कारण यीस्ट आणि आपले यकृत हे काम दोन्ही दिशांनी करतात. ऊसमळीपासून अल्कोहोल काढणाऱ्या कारखान्यांत यीस्ट साखरेचा थोडा भाग ग्लिसरॉलकडे वळवतेच. ते उडून जात नाही, म्हणून ऊर्ध्वपातनानंतर मळीच्या सांडपाण्यात राहते. चवीलाही ग्लिसरॉल गोड आहे, साखरेच्या साधारण 60 टक्के. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ शेले यांनी 1779 च्या सुमारास ऑलिव्हचे तेल मुरदाडशिंगाबरोबर (शिशाच्या ऑक्साइडबरोबर) तापवले तेव्हा त्यांच्या लक्षात पहिल्यांदा आला तो हा गोडवाच.

तेल आणि ग्लिसरीन यांतला फरक पाहायचा असेल तर दोन पेले पाणी घ्यावे आणि एकात करडईचे तेल, दुसऱ्यात ग्लिसरीन सोडावे. तेल वर तरंगते आणि कितीही ढवळले तरी वेगळे होते. ग्लिसरीन मात्र आधी तळाशी जाते, कारण त्याची घनता 1.26 आहे, आणि ढवळल्यावर पाण्यात असे मिसळते की पुन्हा सापडत नाही. तीन हायड्रॉक्सिल गट पाण्याच्या रेणूंना आणि एकमेकांनाही हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतात. एकमेकांना धरल्यामुळे ते इतके घट्ट वाहते की 20 अंश सेल्सिअसला त्याची श्यानता पाण्याच्या हजारपटीहून अधिक भरते, आणि त्याचा उत्कलनबिंदू 290 अंशांपर्यंत चढतो. पाण्याला धरल्यामुळे उघड्या बाटलीतले ग्लिसरीन हवेतली ओल शोषून पातळ होत जाते, आणि ओल्या तळहातावर त्याचा थेंब चोळला तर हलकी ऊब जाणवते. हिवाळ्यात फुटलेल्या ओठांवर किंवा टाचांच्या भेगांवर ते लावतात तेही याच गुणामुळे, पण आपल्याकडच्या कोरड्या थंडीत निर्जळ ग्लिसरीन थेट लावले तर ते ओलावा हवेतून घेण्याऐवजी कातडीतूनच ओढते आणि चुणचुणते. आजीबाई त्यात गुलाबपाणी घालायच्या, ते सुगंधासाठी असले तरी रसायनशास्त्राला धरून होते.

एक गंमत सांगण्यासारखी आहे. शुद्ध ग्लिसरॉलचा गोठणबिंदू सुमारे 18 अंश सेल्सिअस आहे. परभणीच्या थंडीत पारा 10 अंशांच्या खाली जातो, तरी दवाखान्याच्या कपाटातली बाटली मी कधी गोठलेली पाहिली नाही. गोठायला रेणूंनी शिस्तीत रांगा लावाव्या लागतात, आणि इतक्या चिकट द्रवात त्यांना हलायलाच जमत नाही. त्यामुळे ते अतिशीत अवस्थेत द्रवच राहते. त्यात थोडे पाणी असेल तर गोठणबिंदू आणखी खाली उतरतो. वजनाने दोन भाग ग्लिसरॉल आणि एक भाग पाणी असे मिश्रण उणे 46 अंशांपर्यंत तग धरते. या गुणाकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

आता मूळ प्रश्न. गाईच्या आतड्यातून रक्तात आयते ग्लुकोज फारच थोडे येते. चाऱ्यातला पिष्टमय आणि तंतुमय भाग कोटीपोटातले, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटातले, जिवाणू आंबवून टाकतात आणि त्यातून बनणाऱ्या प्रोपिऑनिक आम्लापासून यकृताला ग्लुकोज नव्याने घडवावे लागते. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, ग्लुकोजशिवाय बनत नाही. 20 लिटर दुधात साधारण 950 ग्रॅम लॅक्टोज असते, म्हणजे नुसत्या लॅक्टोजसाठीच रोज किलोभर ग्लुकोज लागते. व्याल्यानंतर पहिल्या काही आठवड्यांत दूध झपाट्याने वाढते, भूक मात्र मागे राहते, आणि ही तूट भरायला गाय अंगावरची चरबी मोडू लागते.

चरबीचा एक रेणू मोडला की एक ग्लिसरॉल आणि तीन मेदाम्ले सुटतात, आणि येथून पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. मेदाम्लांचे दोन-दोन कार्बनचे तुकडे पडतात, ज्यांना ॲसिटिल को-एन्झाइम ए म्हणतात. या तुकड्यांपासून प्राण्यांचे शरीर ग्लुकोज बनवू शकत नाही, कारण पायरुव्हेटपासून (ग्लुकोज तुटून बनणाऱ्या पदार्थापासून) ॲसिटिलकडे जाणारी पायरी एकदिशा आहे, आणि हा तुकडा जाळताना त्याच्या दोन कार्बनांइतकाच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हाती नक्त काही उरत नाही. त्यातच ज्या ऑक्झॅलोॲसिटेटशी संयोग पावून हे तुकडे जळायचे, तेच यकृताने ग्लुकोज घडवण्यात खर्चलेले असते. मग न जळलेले तुकडे जोडीने चिकटतात आणि ॲसिटोॲसिटेट, बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट व ॲसिटोन ही किटोने तयार होतात. श्वासाला येणारा तो गोडसर, पिकल्या फळासारखा वास ॲसिटोनचा असतो. ग्लिसरॉल मात्र तीन कार्बनचे आहे. यकृतातले ग्लिसरॉल कायनेज नावाचे विकर (एन्झाइम) त्याला फॉस्फेट जोडते, पुढच्या पायरीला ते डायहायड्रॉक्सिॲसिटोन फॉस्फेट होते, आणि हा तर ग्लुकोज तुटताना व घडताना मधल्या टप्प्यावर सापडणारा ओळखीचा पदार्थ. असे दोन तुकडे जोडले की एक ग्लुकोज तयार होते. म्हणजे चरबीच्या रेणूत मेदाम्ले ही किटोसिसची बाजू आहे आणि ग्लिसरॉल ही त्यावरच्या उपायाची बाजू आहे. दोन्ही एकाच गाठोड्यात बांधलेल्या आहेत, एवढाच घोटाळा.

यावर चाणाक्ष विद्यार्थी विचारील की चरबी वितळताना ग्लिसरॉल सुटतेच आहे, तर वेगळे पाजायचे कशाला? येथे पाटीवर हिशेब मांडून पाहावा. चरबीच्या रेणूचे वजन साधारण 850 ते 890 आणि त्यातल्या ग्लिसरॉलचे 92, म्हणजे एक किलो चरबीतून जेमतेम 100 ग्रॅम ग्लिसरॉल हाती लागते आणि त्यातून फार तर तितकेच ग्लुकोज. किलोभर ग्लुकोज या मार्गाने मिळवायचे तर दिवसाला दहा किलो चरबी वितळवावी लागेल, आणि तिच्यासोबत नऊ किलोंहून अधिक मेदाम्ले यकृतावर येऊन आदळतील. पसाभर दाण्यांसाठी पोतेभर भूस अंगावर घ्यावे, तसा हा व्यवहार आहे. उलट बाटलीतले अर्धा लिटर ग्लिसरीन वजनाला सुमारे 630 ग्रॅम भरते आणि त्याच्यासोबत एकही मेदाम्ल येत नाही. शिवाय ग्लुकोज वाढू लागले की इन्शुलिन वाढते आणि चरबी मोडण्याचा वेगच मंदावतो, हा त्यातला अधिक मोलाचा भाग आहे.

हे सगळे ग्लिसरीन जसेच्या तसे यकृतात पोहोचते असे मात्र समजू नये. कोटीपोटातले जिवाणू त्यातला बराच भाग आंबवतात. त्यातून मुख्यत्वे प्रोपिऑनिक आम्ल बनते, जे फायद्याचेच आहे, पण काही ब्युटिरिक आम्लही बनते आणि ते पुन्हा किटोनच्याच वाटेने जाते. म्हणून अनेक पशुवैद्यक प्रोपिलीन ग्लायकॉलला पसंती देतात. माझे मत असे की गाय थोडेफार खात असेल आणि ग्लिसरीन चटकन मिळत असेल, तर ते चांगले आणि सोसणारे औषध आहे. पण मान टाकून बसलेल्या गाईला शिरेतल्या ग्लुकोजऐवजी ते पाजत बसू नये. मात्रा तुमच्या डॉक्टरांनी गाईच्या वजनाप्रमाणे ठरवलेली असते, ती आपल्या मनाने वाढवू नये, कारण जास्त ग्लिसरॉल आतड्यात पाणी ओढून हगवण लावते.

पाजण्याची रीतही औषधाइतकीच महत्त्वाची आहे, आणि हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. नोकरीच्या पहिल्याच हिवाळ्यात एका म्हशीचे तोंड वर ताणून, जीभ बाहेर ओढून मी बांबूच्या नळकांड्याने ग्लिसरीन ओतले. ती ठसकली, आणि तिसऱ्या दिवशी तिला न्यूमोनिया झाला. इतका चिकट द्रव श्वासनळीत गेला की जनावराला खोकून काढता येत नाही. तेव्हापासून मी ग्लिसरीनमध्ये तेवढेच कोमट पाणी मिसळतो, मान जमिनीला समांतर ठेवतो, जीभ मोकळी सोडतो आणि गालफडाच्या बाजूने घोट-घोट देतो.

जीवरसायनाची आणखी एक बारीक गोष्ट विद्यार्थिनीच्या उपयोगाची आहे. चरबीच्या पेशीत ग्लिसरॉल कायनेज जवळजवळ नसते. त्यामुळे चरबी मोडून सुटलेले ग्लिसरॉल ती पेशी पुन्हा वापरू शकत नाही. ते पेशीपटलातल्या ॲक्वाग्लिसरोपोरिन नावाच्या प्रथिनांच्या वाटेने बाहेर पडून रक्तात येते आणि यकृत ते उचलून घेते. म्हणून अंगावरची चरबी किती वेगाने मोडते आहे याचा अंदाज संशोधक रक्तातल्या ग्लिसरॉलवरून बांधतात. त्याच पेशीला नवी चरबी साठवायची असेल तर लागणारे ग्लिसरॉल-3-फॉस्फेट तिला मुख्यतः ग्लुकोजपासून घडवावे लागते. साखर नसेल तर चरबी साठत नाही, असा हा बंदोबस्त आहे.

रेणूची दोन्ही टोके कागदावर सारखी दिसतात आणि ग्लिसरॉलला स्वतःला डावे-उजवे नाही, तरीही विकर एकाच ठरावीक टोकाला फॉस्फेट लावते, दुसऱ्याला कधीच नाही. जिवाणूंपासून गाईपर्यंत सगळ्यांची पेशीपटले ज्या फॉस्फोलिपिडांची बनतात, त्यांचा कणा हाच: दोन कार्बनवर मेदाम्ले आणि तिसऱ्यावर फॉस्फेट. आर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांनी मात्र नेमके विरुद्ध टोक निवडले आहे. कोटीपोटात मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव आर्कियाच असल्यामुळे, एकाच गाईच्या पोटात ग्लिसरॉलच्या कण्याचे दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी नांदत असतात.

ग्लिसरॉलचे जे काम मी सर्वाधिक वेळा हातात धरले आहे ते वेगळेच आहे, आणि गोठ्यात उभ्या असलेल्या मालकाला ते दिसत नाही. कृत्रिम रेतनासाठी देवणी किंवा लाल कंधारी वळूच्या गोठवलेल्या वीर्याची जी कांडी आपण वापरतो, तिच्यात पाव मिलिलिटर द्रव असतो आणि त्यात अंड्याचा बलक, ट्रिस नावाचे बफर आणि साधारण 6 ते 7 टक्के ग्लिसरॉल असते. ही कांडी उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षे ठेवता येते. ग्लिसरॉल नसेल तर गोठताना शुद्ध पाण्याचे बर्फ आधी बनते, उरलेल्या थोड्या पाण्यात क्षार दाटत जातात, आणि शुक्राणू बर्फाच्या सुयांनी व या खारटपणाने मरतात. ग्लिसरॉल पेशीच्या आत शिरते, पाण्याला धरून ठेवते आणि कोणत्याही तापमानाला न गोठलेले पाणी अधिक शिल्लक ठेवते, त्यामुळे क्षार तितके दाटत नाहीत. वर सांगितलेला उणे 46 अंशांचा गुण येथे कामी येतो. थंड देशांतले काही कीटक आणि एक जातीचा झाडावरचा बेडूक हिवाळ्यापूर्वी अंगात ग्लिसरॉल साठवतात, तेही याच कारणासाठी.

हा शोध लागला तो गफलतीतून. लंडनमधल्या नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर मेडिकल रिसर्च या संस्थेत पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स हे शास्त्रज्ञ कोंबड्याचे वीर्य साखरेच्या द्रावणात गोठवण्याचा प्रयत्न करत होते. जुन्या साठ्यातल्या एका बाटलीने अचानक उत्तम निकाल दिला, आणि तपासल्यावर कळले की लेबलांची अदलाबदल झाली होती. आत साखर नव्हती, सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्टीवर ऊती चिकटवण्यासाठी वापरायचे ग्लिसरॉल आणि अल्ब्युमिनचे मिश्रण होते. 1949 मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. दैवाचा खेळ असा की ज्या कोंबड्याच्या वीर्यावर हे सापडले, त्यातले ग्लिसरॉल रेतनापूर्वी काढून टाकावे लागते, कारण ते तसेच राहिले तर कोंबडीची अंडी फळत नाहीत. गाईला मात्र ते चालते.

ग्लिसरॉल शुक्राणूला पूर्ण निरुपद्रवी नाही, हे कांडी वितळवताना विसरू नये. चिमट्याने कांडी उचलायची, 37 अंशांच्या पाण्यात 30 सेकंद ठेवायची, आणि कापण्यापूर्वी कोरड्या कापसाने पुसायची. बाहेरच्या पाण्याचा एक थेंब आत गेला तर ग्लिसरॉलने भरलेला शुक्राणू ते पाणी भसकन ओढून फुगतो आणि निकामी होतो. गडबडीत कांडी शर्टाला पुसणारे किंवा खिशात वितळवणारे हात मी पाहिले आहेत, आणि मग गाय उलटली, म्हणजे गाभण राहिली नाही, की दोष वळूला जातो.

लाळ्या-खुरकुताच्या साथीत तोंडातल्या फोडांवर आपण बोरिक पावडर ग्लिसरीनमध्ये कालवून लावतो. ग्लिसरीन ते औषध जखमेवर धरून ठेवते, हे तर खरेच, पण आत एक रासायनिक मौजही आहे: बोरिक आम्ल एकटे असताना इतके दुबळे असते की प्रयोगशाळेत त्याचे अनुमापन धड जमत नाही, आणि ग्लिसरॉलच्या शेजारच्या दोन हायड्रॉक्सिल गटांशी त्याचा संयोग झाला की ते पुरेसे तीव्र होते. सुजलेल्या जागी मॅगसल्फ आणि ग्लिसरीनचा लेप लावतात, तो पाणी ओढण्याच्या गुणावर चालतो.

तापवलेल्या तेलाचा धूर डोळ्यांना झोंबतो, त्यात ग्लिसरॉलमधून पाण्याचे दोन रेणू निघून बनलेले ॲक्रोलीन असते. सोब्रेरो यांनी 1847 मध्ये याच तीन हायड्रॉक्सिल गटांना नायट्रेट जोडून नायट्रोग्लिसरीन बनवले, जे आधी सुरुंगात आणि पुढे छातीच्या कळेवरचे औषध म्हणून जिभेखाली गेले. शरीरात त्यातून नायट्रिक ऑक्साइड सुटते आणि रक्तवाहिन्या सैलावतात. साधे ग्लिसरीन मात्र स्फोटकही नाही आणि हृदयाचे औषधही नाही.

राहिला सुट्या ग्लिसरीनचा प्रश्न. त्याला माझे उत्तर स्वच्छ नकार आहे. साबणाच्या किंवा बायोडिझेलच्या कारखान्यातले कच्चे ग्लिसरीन पिवळट-तपकिरी असते आणि त्यात क्षार व मेदाम्ले उरलेली असतात. बायोडिझेलकडच्या मालात तर मिथेनॉलही असू शकते. त्याहून घातक आहे ती भेसळ, कारण डायएथिलीन ग्लायकॉल हा स्वस्त औद्योगिक द्रव तसाच रंगहीन, दाट आणि गोड असतो, पण मूत्रपिंडे निकामी करतो. 1986 च्या सुरुवातीला मुंबईत एका मोठ्या रुग्णालयात अशा भेसळीचे ग्लिसरीन दिले गेले आणि 14 रुग्ण दगावले. त्याच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग नेमला गेला. ही भेसळ चवीने, वासाने किंवा बोटांत चोळून ओळखता येत नाही, त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफीसारखी प्रयोगशाळेतली चाचणीच लागते. म्हणून सीलबंद बाटलीच घ्यावी, तिच्यावर 'आय.पी.' ही भारतीय औषधसंहितेची खूण, बॅच क्रमांक आणि मुदत पाहावी, आणि औषध संपेपर्यंत पावती जपून ठेवावी. गाय तिसऱ्या-चौथ्या दिवशी पेंडीला तोंड लावते का ते पाहा, आणि त्या दिवशी डॉक्टरांकडून दुधाची रोथेरा चाचणी (किटोन ओळखणारी चाचणी) पुन्हा करून घ्या. पावडरीवर दुधाचे थेंब टाकल्यावर उमटणारा जांभळा रंग पहिल्यापेक्षा फिका पडलेला नसेल, तर ग्लिसरीनची मात्रा वाढवण्याऐवजी गर्भाशयाचा दाह किंवा सरकलेले पोट यांसारखे दुसरे कारण आधी तपासून घ्यावे.